केसपेपर कॉम्प्युटरवर निघाला, कागदाची पिशवी मात्र हातातच

जळगाव / धुळे : सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत सकाळी ९ वाजता जाऊन लोकांच्या हाताकडे बघा. कुणाकडे कापड दुकानाची पिशवी, कुणाकडे कृषी केंद्राची. आत घडी घालून ठेवलेले कागद. तीन वर्षांपूर्वीचा एक्स-रे, रक्ताचा रिपोर्ट, तालुक्याच्या खासगी डॉक्टरची चिठ्ठी, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि पिवळा पडलेला केसपेपर. खान्देशातल्या गरीब माणसाच्या आजारपणाचा सगळा हिशोब या पिशवीत असतो. पिशवी एसटीत राहिली की सगळ्या तपासण्या पहिल्यापासून.

ही पिशवी आता लागणार नाही, सगळे कॉम्प्युटरवर राहील, असे सरकार सांगते आहे. केंद्राचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला १४ आकडी ‘आभा’ नंबर मिळतो. राज्यात आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सी-डॅकने बनवलेले ‘ई-सुश्रुत’ आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत एनआयसीचे ‘ई-हॉस्पिटल’ असे सॉफ्टवेअर आणले गेले. केसपेपरच्या खिडकीजवळ क्यूआर कोडचे फलक दिसू लागलेत. मोबाईलने कोड स्कॅन करा, नाव-गाव आपोआप जाईल, टोकन नंबर मिळेल, अशी ही सोय.

सोय चांगली आहे, यात वाद नाही. रांगेत तासभर उभे राहणे वाचते. पण टोकन निघणे म्हणजे रेकॉर्ड ऑनलाइन होणे नव्हे, हे इथे समजून घ्यायला हवे. खिडकीवर नाव कॉम्प्युटरमध्ये जाते. पुढे डॉक्टरने काय तपासले, काय निदान केले, कोणती गोळी लिहिली, रक्तात काय निघाले, हे सगळे त्याच नावापुढे चढले तरच त्याला रुग्णाचे रेकॉर्ड म्हणायचे. नाहीतर छापील केसपेपरवर डॉक्टर पेनाने लिहितात, आणि तो कागद परत पिशवीतच जातो.

तीन कार्डांचा घोळ

आधी एक गोंधळ मिटवू, कारण गावोगाव तो आहे. ‘आभा’ कार्ड वेगळे आणि ‘आयुष्मान’ कार्ड वेगळे. आयुष्मान कार्ड हे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे, त्यावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण आहे. राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आता तिच्याशी जोडलेली आहे. आभा कार्डावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. तो फक्त रेकॉर्डचा नंबर आहे, गॅसच्या ग्राहक क्रमांकासारखा. मोबाईलवर आभा काढून ‘आपले पाच लाखांचे कार्ड निघाले’ म्हणून निर्धास्त झालेला माणूस ऑपरेशनच्या वेळी अडकतो. तिसरा कागद म्हणजे दवाखान्याचा स्वतःचा नोंदणी नंबर. तो त्या दवाखान्यापुरताच.

आणखी एक. आभा ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून सरकारी दवाखान्यात उपचार नाकारता येत नाही. खिडकीवर कुणी ‘आधी आभा काढा, मग या’ म्हणत असेल, तर तो नियम नाही.

दोन खाती, एक रुग्ण

आता खरी अडचण. चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून एखादा पेशंट जळगावला पाठवला, तर अंतर फार नाही. पण कागदावर तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय हे आरोग्य विभागाकडे. जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जुने सिव्हिल त्याच्याशी जोडले गेले. म्हणजे ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. धुळ्याला चक्करबर्डीच्या हिरे महाविद्यालयाचेही तसेच. शिरपूर किंवा साक्रीहून रेफर झालेला माणूस तिथे पोहोचतो तेव्हा खाते बदललेले असते.

हा फरक खिशालाही कळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळे मोफत झाले. त्या निर्णयात वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये नव्हती. तालुक्याला फुकट आणि जिल्ह्याला पावती, हे लोकांना पटत नाही ते त्यामुळेच.

सॉफ्टवेअरही खात्यानुसार दोन. चोपड्यात काढलेला ईसीजी जळगावच्या डॉक्टरला स्क्रीनवर दिसायचा असेल, तर दोन्ही ठिकाणची यंत्रणा आभाच्या जाळ्याला जोडलेली हवी, दोन्हीकडे त्या पेशंटची नोंद त्याच आभा नंबरवर झालेली हवी आणि पेशंटने मोबाईलवर परवानगी दिलेली हवी. यातली एक कडी तुटली की अँब्युलन्समध्ये पेशंटच्या छातीवर ठेवलेली रेफर चिठ्ठी हेच रेकॉर्ड. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाने ओटीपी सांगावा, ही अपेक्षा कुणी करू नये.

जुलै २०२२ विसरता येत नाही

ऑनलाइनचा प्रयोग राज्यात पहिल्यांदा होतो आहे असेही नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत एका खासगी कंपनीमार्फत ‘एचएमआयएस’ नावाची यंत्रणा बरीच वर्षे चालली. मुंबईच्या जेजेपासून सुरुवात होऊन ती राज्यभरातल्या मोठ्या रुग्णालयांत गेली. नोंदणी, वॉर्ड, लॅब, सगळे त्यावर. मग शासन आणि कंपनीत करार व पैशांचा वाद झाला आणि जुलै २०२२ मध्ये सेवा बंद पडली. एका झटक्यात रुग्णालये परत हाताने केसपेपर लिहू लागली. नुसती रांग वाढली असती तर चालले असते. जुन्या पेशंटचा मागचा रिपोर्ट बघायचा तर तो उघडेना, हे जास्त वाईट होते. ज्याने आपल्या कागदांची झेरॉक्स जपून ठेवली होती, त्याचेच काम झाले.

त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये वेगळे झाले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ल्याने सर्व्हर बंद पडले आणि देशातल्या सर्वात मोठ्या सरकारी रुग्णालयात जवळपास दोन आठवडे नोंदणी आणि रिपोर्टचे काम हाताने करावे लागले. इंग्लंडने तर २००२ मध्ये सगळ्या देशाचे रुग्ण रेकॉर्ड एका यंत्रणेवर आणायचे ठरवले होते. अब्जावधी पौंड घालून २०११ मध्ये ती योजना मोडीत काढली. तिथे ना लाईट जाते, ना नेट. तरी बिघडली, कारण वरून लादलेली यंत्रणा दवाखान्यांच्या रोजच्या कामाशी जुळली नाही.

यावरून ऑनलाइन नको असा अर्थ काढायचा नाही. प्रश्न एवढाच विचारायचा की कंपनी बदलली, करार संपला, तर लोकांचा डेटा कुणाच्या ताब्यात राहणार? आता केंद्र सरकारच्याच दोन संस्थांचे सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे पूर्वीसारख्या वादाची शक्यता कमी. तरी सर्व्हर बंद पडल्यावर त्या दिवशी काम कसे चालवायचे, याचा लेखी प्लॅन प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असायला हवा. भारनियमनाच्या काळात मोटार कशी चालवायची याचा प्लॅन शेतकऱ्याकडे असतो, दवाखान्याकडेही असावा.

कॉम्प्युटरला बाथरूम दिसत नाही

जळगावकरांना जून २०२० चे दिवस आठवत असतील. सिव्हिलमध्ये दाखल असलेली एक वृद्ध कोविड रुग्ण वॉर्डातून बेपत्ता झाल्याचे सांगण्यात आले. घरच्यांनी शोधाशोध केली, पोलिसांत तक्रार झाली. काही दिवसांनी त्या आजीचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांचे निलंबन झाले, राज्यभर चर्चा झाली.

त्या वेळी सगळे ऑनलाइन असते तर हे टळले असते, असे म्हणणारे भेटतात. ते अर्धेच खरे आहे. बेडवर पेशंट नाही, औषध दिले गेले नाही, जेवण परत आले, हे प्रत्येक पाळीत स्क्रीनवर चढले असते तर कुणाच्या तरी नजरेत आले असते. पण चढवणार कोण? बेडजवळ माणूस गेला तरच नोंद होते. गेलाच नाही, आणि खुर्चीत बसूनच ‘पेशंट ठीक’ असे क्लिक केले, तर कागदी रजिस्टरापेक्षा ऑनलाइन रेकॉर्ड जास्त खोटे ठरते, कारण त्यावर वेळेचा शिक्का बसतो आणि वरचे अधिकारी त्यावर विश्वास ठेवतात. आधी नर्स आणि वॉर्डबॉय पुरेसे, मग सॉफ्टवेअर. हा क्रम उलटा झाला तर उपयोग नाही.

आजची पाळी बघितली तर नर्सताईंना दोन्ही करावे लागते. रजिस्टर लिहायचे, कारण ऑडिटला रजिस्टर लागते. तेच परत कॉम्प्युटरमध्ये भरायचे, कारण जिल्ह्याची आढावा बैठक ऑनलाइन आकड्यांवर होते. उपकेंद्रातल्या सिस्टरची गत आणखी वेगळी. गरोदर मातांचे पोर्टल वेगळे, लसीकरणाचे वेगळे, बीपी-शुगरचे वेगळे, टीबीचे वेगळे. एकाच बाईचे नाव चार ठिकाणी टाका. आशाताईंच्या संघटनांनी ऑनलाइन कामांविरुद्ध आंदोलने केली ती काही आळसापोटी नव्हेत. मोबाईल आपला, रिचार्ज आपला, नेट नसले तर झाडाखाली जाऊन रेंज शोधायची, आणि भरले नाही तर नोटीस.

सातबाऱ्याने काय शिकवले

कागदावरून कॉम्प्युटरवर जाणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला नवीन नाही. सातबारा ऑनलाइन झाला तेव्हा सगळ्यांनी अनुभव घेतला. तलाठ्याच्या दारात चकरा कमी झाल्या, हे खरे. पण हस्तलिखित सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि ऑनलाइनवरचे क्षेत्र जुळेना, कुणाचे नावच गेले, कुणाच्या नावात काना-मात्रा बदलली. मग जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचे अर्ज. चूक टायपिंगची, हेलपाटे शेतकऱ्याचे.

दवाखान्यात हेच होण्याची भीती आहे, आणि इथे चुकीची किंमत क्षेत्रात मोजता येत नाही. एकाच गावात एकाच नाव-आडनावाचे पाच पाटील, सात पावरा असतात. मराठीत सारखे नाव इंग्रजीत तीन प्रकारे टाईप होते. वय अंदाजे सांगितलेले. आज एका स्पेलिंगने नोंद, पुढच्या महिन्यात दुसऱ्या, की एकाच माणसाचे दोन रेकॉर्ड तयार. त्याहून धोकादायक म्हणजे दोघांचे एक होणे. एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर बसला तर कलम १५५ कामाला येत नाही.

सातबाऱ्याच्या वेळी एक चांगली गोष्ट झाली होती. चावडी वाचन. गावासमोर उतारे वाचून दाखवले, चुका जागेवर पकडल्या गेल्या. दवाखान्याच्या रेकॉर्डचे तसे करता येत नाही. कुणाला टीबी आहे, कुणाला एचआयव्ही, कुणाची गर्भपिशवी काढली, हे चावडीवर वाचायचे नसते. म्हणून तपासणी ज्याची त्याने करायची. केसपेपर प्रिंट होऊन हातात आला की नाव, वय, मोबाईल नंबर आणि तारीख खिडकी सोडायच्या आत बघावी. वाचता येत नसेल तर सोबतच्या पोराला वाचायला लावावे.

नंबर पोऱ्याचा, पोऱ्या सुरतला

मोबाईल नंबरचा विषय गावात फार गुंतागुंतीचा आहे. आभा काढताना बहुतेक वेळा आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. खिडकीवर बाईला विचारा, उत्तर ठरलेले : ‘नंबर पोऱ्याना शे, आनि पोऱ्या सुरतले शे.’ मग पोराला फोन, पोरगा कंपनीत ड्युटीवर, फोन उचलत नाही. मागे रांग ओरडते. शेवटी खिडकीवरचा माणूस वैतागून कुठलाही नंबर टाकतो, कधी आशाताईचा, कधी स्वतःचा. काम भागते. पण उद्या त्या बाईचे रेकॉर्ड बघायची परवानगी कुणाच्या मोबाईलवर जाणार? ज्याचा नंबर त्याच्या.

ही बाब बायांसाठी नाजूक आहे. सासरच्या माणसाच्या मोबाईलवर सुनेचे सगळे रिपोर्ट दिसणार असतील, तर ती डॉक्टरला खरे सांगणारच नाही. योजना म्हणते की रेकॉर्ड ज्या दवाखान्यात तयार झाले तिथेच राहते आणि रुग्णाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला दिसत नाही. देशात २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. कायदा आहे, पण एका घरात एकच स्मार्टफोन असतो हे कायद्याला माहीत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी याची दुसरी बाजू दिसते. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर पट्ट्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आणि तपासणी झालेल्यांना कार्डे दिली जाऊ लागली. सिकलसेलचा रुग्ण वेदनेने तळमळत अनोळखी दवाखान्यात गेला आणि डॉक्टरला त्याचा आजार आधीच समजला, तर योग्य उपचार लवकर सुरू होतात. इथे रेकॉर्ड जीव वाचवू शकते. आणि त्याच रेकॉर्डची कुणकुण सोयरिकीच्या वेळी लागली तर मुलीचे लग्न मोडू शकते, भलेही ती फक्त वाहक असेल आणि धडधाकट असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून कॉम्प्युटरसमोर कोण बसतो, पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवला आहे का, हे प्रश्न बारीक वाटले तरी बारीक नाहीत.

फायदा कुठे दिसतो

टीबीचे उदाहरण घ्या. ‘निक्षय’ पोर्टल २०१२ पासून आहे. पेशंटची नोंद झाली की त्याला नंबर मिळतो. तो धुळ्याहून नाशिकला कामाला गेला तरी त्याच नंबरवर औषध पुढे चालू ठेवता येते. पोषण आहाराचे पैसे, आधी महिन्याला ५००, नोव्हेंबर २०२४ पासून १०००, थेट बँक खात्यात येतात. नाव चुकले, खाते जुळले नाही, तर अडकतातही. पण मुळात रेकॉर्ड पेशंटच्या मागे चालते, ही कल्पना इथे प्रत्यक्षात उतरली. याचे कारण आजार एक, औषध ठरलेले, आणि मागे लागणारा कर्मचारी नेमलेला. सगळ्या आजारांसाठी हे करणे कितीतरी पटीने अवघड आहे.

छापील चिठ्ठीचा फायदाही कमी लेखू नये. डॉक्टरचे अक्षर मेडिकलवाल्याशिवाय कुणाला वाचता येत नाही, ही गंमत आता जुनी झाली. चुकीची गोळी दिली गेली तर ती गंमत राहत नाही. कॉम्प्युटरवरून निघालेल्या चिठ्ठीत औषधाचे नाव आणि डोस स्पष्ट असतो. फक्त ‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर’ एवढे तरी मराठीत छापावे. इंग्रजीत छापलेली चिठ्ठी आणि वाचता न येणारे अक्षर, यात वाडीवरच्या म्हातारीला काय फरक?

कागद मागायचा हक्क

ऑनलाइन होवो न होवो, एक हक्क आधीपासून आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की दाखल रुग्णांचे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवायचे, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली तर ७२ तासांत द्यायचे. रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आणावे, असेही त्याच नियमांत लिहिलेले आहे, वीस वर्षांहून आधी. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. तोंडी मागितले तर ‘साहेब नाहीत, उद्या या’ हे ठरलेलेच.

दिवाळी झाली की साक्री, शिरपूर, पारोळा, चाळीसगाव भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी गुजरातेत. त्यात गरोदर बाया असतात, बीपीची गोळी चालू असलेली माणसे असतात, लसीचा डोस राहिलेली लेकरे असतात. कारखान्याजवळच्या दवाखान्यात त्यांना ओळखणारे कुणी नसते. कागदाची खरी परीक्षा तिथे होते, आणि ऑनलाइनचीही. कोपरावरच्या आशाताईने आभा नंबर टाकल्यावर इथल्या सिस्टरने घेतलेली हिमोग्लोबिनची नोंद दिसली, तर म्हणता येईल की काम झाले. तोपर्यंत गाडीत बसताना माता-बाल संरक्षण कार्ड, शेवटची चिठ्ठी आणि रक्ताचा रिपोर्ट पिशवीत घालावा. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा आणि तोच फोटो घरी राहणाऱ्या एखाद्या माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्यावा. मोबाईल उसाच्या फडात हरवतो, हे तिथे गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.